कलायखंज

लाखोळीची डाळ दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने दोन्ही पायांना येणारा कायमचा, ताठर पांगळेपणा. आधुनिक वैद्यकात याला न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. यात मेंदूतून खाली उतरणारी प्रेरक, म्हणजे हालचाली घडवणारी, वाट बिघडते आणि बाकी चेतासंस्था बरीचशी शाबूत राहते. प्रेरक संस्था शिकताना हा रुग्ण तपासण्याइतका चांगला धडा क्वचितच मिळतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात लाखोळी (कुठे लाखोरी) सगळ्यांच्या ओळखीची. कापणीआधी उभ्या धानात, बांधीतल्या ओलीवर बी फेकले की झाले, नांगरटही नको. कोवळ्या पाल्याची भाजी, दाण्यांची डाळ, कुटार जनावरांना. पाऊस दगा देतो तेव्हाही ती तग धरते. धोका नेमका तिथे आहे. दुसरे काही पिकले नाही की ताटात तीच उरते.

दाण्यातील ओडॅप हे अमिनो आम्ल रचनेने ग्लूटामेटसारखे असते. ग्लूटामेट हा मेंदूतील मुख्य उत्तेजक संदेशवाहक. ओडॅप त्याच्याच ग्राहींवर (पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांवर) बसते, चेतापेशी अति उत्तेजित होतात आणि अखेर मरतात. झळ मुख्यतः पायांच्या हालचाली चालवणाऱ्या पेशींना लागते. त्या मेंदूच्या प्रेरक बाह्यकात (वरच्या थरात), दोन्ही गोलार्धांच्या आतल्या बाजूला असतात. त्यांचे तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात आणि मेरुरज्जूतून कमरेच्या पातळीपर्यंत उतरतात. हातांकडे जाणाऱ्या तंतूंपेक्षा हे बरेच लांब.

गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूतच पूर्ण होते, पण वरून येणारे तंतू तिला आवर घालतात. तो आवर सुटला की पाय जोरात उडतो, स्नायू ताठतात, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि माणूस पायात पाय अडकवत चवड्यांवर चालतो. तळवा खरवडला तर अंगठा वर वळतो. जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये नोंदवलेली ही खूण तान्ह्या बाळात स्वाभाविक असते, कारण त्याचे हे तंतू अजून पक्व झालेले नसतात. पोलिओत उलट घडते: मेरुरज्जूतील शेवटची प्रेरक पेशीच जाते, म्हणून पाय लुळा पडतो, वाळतो आणि हातोडीला प्रतिसाद देत नाही. लाखोळीच्या रुग्णाची स्पर्शसंवेदना आणि बुद्धी सहसा ठीक असते. आपल्याला काय झाले आहे हे त्याला पूर्ण कळत असते, आणि बहुधा तो ऐन कामाच्या वयातला पुरुष असतो.

आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजतात: बिनकाठी, एककाठी, दोनकाठी आणि शेवटी रांगता. खाणे थांबवल्यावर आजार सहसा वाढत नाही. गेलेले बळ मात्र परतत नाही.

मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळे. तिथला पांगळेपणा डाळीइतकाच त्या व्यवस्थेचा होता. 1961 मध्ये देशात विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती पुढे उठवली. मिश्र आहारात अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीने हा आजार होत नाही. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकल्यास त्याचा बराच भाग निघून जातो. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ते मुळातच कमी असते.