मद्रासहून दिसलेला खडीचा ढीग

१६ मे १८६६. मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. आकाशाच्या छायाचित्रांवरून लघुग्रह हुडकण्याची सोय तेव्हा नव्हती. ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवायचा, एकेक ठिपका ताडून पाहायचा आणि नकाशात नसलेला एखादा दिसला, तर तो जागचा हलतो का याची वाट पाहायची. त्या रात्री सापडलेला ठिपका लघुग्रहांच्या यादीत ८७वा ठरला. नाव मिळालं सिल्व्हिया. ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी प्रत (मॅग्निट्यूड) आपण आज वापरतो, तिचं गणितही याच पॉग्सनांचं. पण आपल्याकडे त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.

सिल्व्हिया मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरते. सूर्याभोवतीच्या एका फेरीला साधारण साडेसहा वर्षं लागतात. रंग कोळशासारखा, अंग बटाट्यासारखं लांबट: सुमारे ३८० किलोमीटर लांब, २६० रुंद. स्वतःभोवतीची गिरकी मात्र अवघ्या पाच तास अकरा मिनिटांत पुरी.

पण हिचं वजन करायचं कसं? २००१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून तिचा एक चंद्र दिसला आणि तराजूच हाती आला. चंद्र किती दूर आहे आणि फेरीला किती वेळ घेतो, एवढं कळलं की केप्लरच्या नियमाने मधल्या पिंडाचं वस्तुमान निघतं. हा चंद्र १,३६० किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक वेळात फेरी मारतो. पुढे चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या निरीक्षणांत दुसराही निघाला. त्याची घोषणा २००५ मध्ये झाली. दोन चंद्र असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. रिआ सिल्व्हिया ही रोमन पुराणातली जुळ्यांची आई, म्हणून चंद्र झाले रोम्युलस आणि रेमस. आईचं बारसं आधी, मुलं १३५ वर्षांनी!

वस्तुमानाला आकारमानाने भागलं, तर घनता आली पाण्याच्या जेमतेम सव्वा ते दीडपट. साधा दगड पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो. मग हा हलकेपणा कुठला? बादली खडीने काठोकाठ भरा आणि वरून पाणी ओता. तांब्यामागून तांब्या मावत जातो. सिल्व्हियाचंही तसंच असावं. आत फटीच फटी, कदाचित थोडा बर्फही. जुन्या टकरीत फुटलेले तुकडे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा गोळा झाले असावेत, आणि उरलेल्या चुऱ्यातून हे दोन चंद्र.

रोम्युलस जेमतेम १८ किलोमीटरचा, रेमस सातचा. तरीही सिल्व्हियावर उभं राहून पाहिलं, तर दोघंही आपल्या चंद्राहून मोठे दिसतील.