दरी खोल करते नदी, रुंद करतो पाझर

कामासाठी लास वेगासला गेलेल्या गोंयकाराच्या हाती जेमतेम एक मोकळा दिवस लागतो. मग भाड्याची गाडी काढून अडीच-तीन तासांवरचं युटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान गाठलं जातं. परतल्यावर फोटो दाखवताना वाक्य ठरलेलं असतं: 'सहाशे मीटर उंच भिंती, म्हणजे दोन दूधसागर एकावर एक! आणि खाली नदी बघितली तर आपल्या व्हाळाएवढी!' एवढ्याशा पाण्यानं दरी खोदली हे पटत नाही, म्हणून कोणी भूकंपाचं नाव घेतं, कोणी प्रलयाचं.

शंका रास्त आहे, पण भूकंप आणि प्रलय दोन्ही सोडून द्या. झायनमधून वाहणारी व्हर्जिन नदी दिसते तेवढी गरीब नाही. झायन ज्यावर आहे ते कोलोरॅडो पठार उचललं गेल्यामुळे तिचा उतार विलक्षण तीव्र झाला, दर किलोमीटरला सुमारे ९ ते १५ मीटर. पुरात ती वाळू आणि गोटे घेऊन धावते आणि तळ घासत नेते. गेल्या २० लाख वर्षांत तिनं ही दरी खोल केली. मात्र नदी आपल्या पात्राइतकीच रुंद खाच पाडू शकते. खालच्या अंगाला झायनच्या दोन भिंतींत शेकडो मीटरचं अंतर आहे. मधला दगड नेला कोणी? मला तरी या उद्यानातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, म्हणून तिथं जरा रेंगाळतो.

वरची उंच भिंत आहे नॅवाहो वालुकाश्माची. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथं अफाट वाळवंट होतं. वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा पुढे दगड झाला. त्या टेकड्यांचे तिरके थर भिंतीवर आजही स्पष्ट दिसतात. कण एकमेकांना धरून आहेत ते मुख्यतः कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या आणि लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ लेपानं. तांबडा रंग त्या लोहाचाच. कणांमधल्या फटींतून पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी हळूहळू खाली उतरतं. त्याखाली आहे कायेन्टा नावाचा थर, जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आणि चिकणमातीचा. तिथं पाणी अडतं.

का अडतं? चिकणमातीत पोकळी कमी असते म्हणून नव्हे. तिच्यातली एकूण पोकळी वाळूपेक्षा जास्तही असू शकते. प्रश्न एकेका पोकळीच्या आकाराचा आहे. आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्ये वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. त्या नियमातला पार्यतेचा, म्हणजे पाणी किती सहज आरपार जातं याचा गुणांक ढोबळमानानं कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वाळूचा कण ०.२ मिलिमीटरचा आणि चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा धरला, तर व्यास शंभरपट लहान आणि पार्यता दहा हजारपट कमी. त्यात चिकणमातीचे चपटे कण पृष्ठभागावर पाणी चिकटवून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा पडतो. (हे गणित नको असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: वाळूतून पाणी चालतं, चिकणमातीत ते थांबतं.)

थांबलेलं पाणी आडवं वळतं आणि दोन थरांच्या सांध्यावर भिंतीतून बाहेर पाझरतं. 'वीपिंग रॉक' नावाची जागा आहे ती हीच. कार्बन-१४ च्या मोजणीनुसार हे पाणी दगडात शिरून हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या ओलीवर वाळवंटाच्या भिंतीत नेच्यांच्या बागा लटकतात, आणि जगात दुसरीकडे कुठंच न सापडणारी एक चिमुकली गोगलगाय तिथं राहते.

पाझराचं खरं काम मात्र विध्वंसाचं आहे. मातीतून उतरताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, किंचित आम्ल झालेलं पाणी कॅल्साइट विरघळवतं आणि कण सुटे होतात. हिवाळ्यात तेच पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फटी रुंदावतं. भिंतीचा पाया असा आतून पोखरला जातो. मिरामारला लाटेत उभं राहिलं की ओसरणारं पाणी टाचेखालची वाळू काढून नेतं आणि आपण मागे कलतो, तशी गत. नॅवाहो वालुकाश्मात उभे तडे आधीच असतात. खालचा आधार गेला की तड्यापर्यंतचा अख्खा पापुद्रा कोसळतो आणि मागे ताजी, सरळसोट भिंत उरते. कड्यांच्या अंगावर दिसणाऱ्या बंद कमानी म्हणजे अशा कोसळण्याच्या खुणा.

पडलेला दगड साचून राहिला असता तर पायथा झाकला गेला असता आणि काम तिथंच थांबलं असतं. पण हा दगड आपटून पुन्हा वाळूच होतो आणि वाळू वाहून न्यायला नदी आहेच. खोलीचं काम नदीचं, रुंदीचं पाझराचं, आणि हमाली पुन्हा नदीची.

एका दिवसाच्या सहलीत हे तपासता येतं. शटल बसनं खालून वर जाताना दरी अरुंद होत जाते. शेवटच्या थांब्यावरून नदीकाठच्या वाटेनं दीडेक किलोमीटर चाललं की 'नॅरोज' सुरू होतं, तिथं भिंतींमधलं अंतर काही जागी फक्त ६ ते ९ मीटर आहे. कारण तिथं नदी अजून कायेन्टापर्यंत पोचलेलीच नाही. पाझराला फुटायला सांधा नाही, म्हणून दरी नदीएवढीच. मात्र जुलै ते सप्टेंबरमध्ये डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वरच्या वादळाचा लोंढा मिनिटांत येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये याच उद्यानातल्या कीहोल घळीत सात जण असे वाहून गेले. पुराचा इशारा असेल तर नॅरोजचा हट्ट सोडावा.

हल्ली व्हॉट्सॲपवर शेजारच्या ग्रँड कॅनियनमधल्या 'विष्णू मंदिर', 'शिव मंदिर', 'ब्रह्मा मंदिर' यांचे फोटो फिरतात. खाली मजकूर असतो की आपले पूर्वज तिथं पोचले होते. ती देवळं नाहीत, शिखरं आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाला पौर्वात्य नावांची हौस होती, त्यातून हे बारसं सुरू झालं. झायनमधल्या शिखरांना १९१६ मध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानं बायबलमधली नावं दिली. म्हणून तिथं देवदूत उतरले होते असं कोणी म्हणत नाही.

मग गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि झायनमध्ये जेमतेम ४००, तर अशी दरी आपल्याकडे का नाही? सांधा आपल्याकडेही आहे. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकांतून उतरतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उतारावर झर होऊन फुटतं. केसरव्हाळची झर अशीच. (तिथं न्हायल्यानं त्वचारोग बरे होतात म्हणतात, पाण्याचा प्रवास लांबचा असला म्हणून त्याचं औषध होत नाही.) सड्याच्या कडेचे जांभ्याचे धोंडे खालची माती निघून गेल्यावर कोसळतात, तेही याच रीतीनं. पण खालच्या मांडवी-जुवारीला खोल जायला वाव नाही, समुद्राची पातळी लगेच येते. शिवाय पडलेल्या धोंड्यांवर दोन पावसाळ्यांत रान माजतं, मुळं माती धरतात आणि कडा झाकला जाऊन उतार गोलसर होतो. जास्त पावसानं आपल्या टेकड्या मऊ केल्या. कोरड्या हवेनं झायनच्या भिंती सरळ ठेवल्या.

एक गोष्ट मात्र या सगळ्या मांडणीत बसत नाही. उद्यानातल्या झायन लॉज या विश्रामगृहाच्या आसपास दरीचा तळ चक्क सपाट आहे, आणि नदी व पाझर मिळून सपाट जमीन काही करत नाहीत. सुमारे ४८०० वर्षांपूर्वी तिथून खाली सेंटिनेल नावाच्या कड्याचा मोठा भाग एकदम कोसळला. २०१६ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं आकारमान काढलं, सुमारे २८ कोटी ६० लाख घनमीटर. एवढी वाळू लगोलग वाहून नेणं व्हर्जिन नदीलाही जमलं नाही. मागे तलाव तुंबला आणि सुमारे ७०० वर्षांत गाळानं भरून गेला. लॉजसमोरच्या हिरवळीखाली आहे तो त्याच तलावाचा गाळ.