याल्टा आणि पॉट्सडॅम: जर्मनी नेमकी कुठे दुभंगली?

‘याल्टात तिघांनी बसून जर्मनीचे दोन तुकडे केले’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय, की आता चीड येते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या मित्रराष्ट्रांची याल्टा परिषद सगळ्यांना ठाऊक असते: फेब्रुवारी १९४५, क्रिमिया, अमेरिकेचे रूझवेल्ट, ब्रिटनचे चर्चिल, सोव्हिएत संघाचा स्टालिन. पॉट्सडॅमची परिषद त्याच वर्षी १७ जुलै ते २ ऑगस्ट, बर्लिनला लागून. रूझवेल्ट एप्रिलमध्ये वारल्यामुळे तिथे ट्रुमन होते. चर्चिल निवडणूक हरले आणि परिषद चालू असतानाच त्यांची खुर्ची ॲटलींकडे गेली. नावं आणि तारखांचा घोळ इतक्यात मिटतो.

खरी गफलत वेगळीच आहे. हरलेल्या जर्मनीचा कुठला विभाग कोणत्या विजेत्याच्या ताब्यात राहील, याचा नकाशा याल्टात जन्मला नाही. तो सप्टेंबर १९४४ मध्येच लंडनमध्ये ठरला होता. याल्टात फक्त फ्रान्ससाठी जागा काढली गेली. जर्मनीचे तुकडे करण्याचा मुद्दा याल्टाच्या ठरावात होता हे खरं, पण तो एका समितीकडे गेला आणि तिथेच विरला. ९ मे रोजी खुद्द स्टालिननेच जाहीर केलं, की जर्मनीचे तुकडे करायचा आपला इरादा नाही.

मग फूट पडली कशाने? माझ्या मते, युद्धभरपाईने. याल्टात भरपाईचा हिशेब संपूर्ण जर्मनीचा होता: चर्चेला आधार म्हणून २० अब्ज डॉलर, त्यातले निम्मे सोव्हिएत संघाला. चर्चिलना हा आकडा मान्य नव्हता, तरी देणेकरी एकच देश होता. पॉट्सडॅमला हे उलटलं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने जर्मनीला कर्ज द्यायचं आणि जर्मनीने त्यातून भरपाई फेडायची, असं चक्र चाललं होतं. ते पुन्हा नको, म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी तोडगा पुढे केला: ज्याने त्याने आपापल्या विभागातून वसुली करावी. कोळसा आणि कारखान्यांचा रूर प्रदेश इंग्रजांकडे असल्यामुळे सोव्हिएतांना पश्चिमेच्या विभागांतल्या जादा यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के धान्य-कोळशाच्या बदल्यात आणि १० टक्के फुकट द्यायचं ठरलं.

त्याच करारात लिहिलंय, की जर्मनी हे एकच आर्थिक एकक मानावं. हे कलम आणि वसुलीचं कलम एकत्र नांदणं शक्यच नव्हतं. वसुली विभागवार झाली, की आयात, निर्यात, धान्य, सगळंच विभागवार होतं. मे १९४६ मध्ये अमेरिकी जनरल क्ले यांनी आपल्या विभागातून भरपाईपोटी कारखाने उतरवून देणं थांबवलं. जून १९४८ मध्ये नवं चलन आलं तेही फक्त पश्चिमेच्या विभागांत, आणि १९४९ मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी असे दोन देश उभे राहिले.

आणखी एक: २६ जुलैचा ‘पॉट्सडॅम जाहीरनामा’ जपानला शरणागतीसाठी होता आणि तो अमेरिका, ब्रिटन, चीन यांचा होता. जर्मनीबद्दलचा पॉट्सडॅम करार वेगळा. कृपा करून हे दोन एका वाक्यात कोंबू नका.