डेकवर खलाशी व्हायचंय? फी भरण्याआधी डोळे तपासा

भारतीय तरुणाला डेकवर जायचा सरळ रस्ता म्हणजे जीपी रेटिंगचा (जनरल पर्पज रेटिंग, म्हणजे जहाजावरचा सर्वसाधारण खलाशी) सहा महिन्यांचा निवासी कोर्स. संस्था डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं नौवहन महासंचालनालय) मान्यताप्राप्त यादीतलीच हवी. यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. पात्रता: गणित-विज्ञानासह दहावी, एकूण किमान ४० टक्के, इंग्रजीतही ४०, वय साडेसतरा ते पंचवीस. बॅच जानेवारीत आणि जुलैत.

डोळे डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच तपासून घ्या, फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. रंगांधळेपणा निघाला तर डेकचा विषय संपला. रात्री लुकआउटवरच्या (समुद्रावर नजर ठेवणाऱ्या) खलाशाला समोरच्या जहाजाचे फक्त दिवे दिसतात: डाव्या कुशीला लाल, उजव्या कुशीला हिरवा. नुसता लाल दिसला, तर ते जहाज आपल्या उजवीकडून डावीकडे चाललंय. इथे रंग चुकला की टक्करच.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब! अर्ज इथेच अडकतो. सहसा पासपोर्ट दुरुस्त करणं सोपं पडतं. ते प्रवेशाआधीच उरका.

प्रवेशाच्या वेळी इंडॉस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला ओळख क्रमांक) काढावा लागतो, तो पुढे आयुष्यभर तोच. कोर्सअखेरीस बीईएसची (खलाशांच्या परीक्षा घेणारं मंडळ) परीक्षा. मग सीडीसीसाठी (खलाशाचं ओळखपत्र आणि समुद्रसेवेची नोंदवही) ऑनलाइन अर्ज: पासपोर्ट, इंडॉस, दहावीची गुणपत्रिका, कोर्सचा दाखला, मेडिकल, फोटो-सही आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) बेसिक दाखले (जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता, शिवाय सिक्युरिटीचा). सीडीसी १० वर्षं चालते.

सीडीसी हातात आली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. भरती आरपीएसएल (खलाशी भरतीचा डीजी शिपिंगचा परवाना) असलेल्या कंपनीमार्फतच करा. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं बेकायदा आहे, त्यामुळे 'दोन लाख द्या, पुढच्या महिन्यात जहाज' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

पहिल्या जहाजावर गंज खरवडणं, रंगकाम, दोर ओढणं हेच जास्त, तेही सारंगाच्या (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) हाताखाली. वॉचकीपिंगच्या (जहाज चालू असताना पहाऱ्याच्या पाळीवर उभं राहण्याच्या) दाखल्यासाठी साधारण सहा महिन्यांची समुद्रसेवा धरतात. म्हणून उतरताना सीडीसीतल्या चढल्या-उतरल्याच्या तारखा, कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का तिथल्या तिथे बघून घ्या. जहाज निघून गेल्यावर तारीख दुरुस्त करून घेणं फार जड जातं.