नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘बाबांनी एफडीला नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं, म्हणजे पैसे माझेच.’ नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत हे वाक्य ऐकू येतं आणि भावंडांत कायमचं वितुष्ट येतं. हा समज चूक आहे.

मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज दिला की बँक नॉमिनीला रक्कम देते. बँकेची जबाबदारी तिथे संपते, वारसांचा हक्क मात्र संपत नाही. नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने सांभाळतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर सहसा रक्कम त्यांचीच.

समजा, मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू गृहस्थाची ९ लाखांची एफडी आहे. मागे आई, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. नॉमिनी थोरला. तरी प्रत्येकाचा वाटा १ लाख ८० हजार. यात आईला हमखास विसरतात, आणि लग्न झालेल्या मुलीलाही.

मृत्युपत्र असेल तर त्यानुसार वाटप करणं त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाचं (एक्झिक्युटरचं) काम. त्याने आधी कर्ज, वीजबिल, मालमत्ता कर चुकवावा, मगच वाटप करावं, आणि प्रत्येक वारसाकडून सहीची पावती घ्यावी. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती सुरुवातीलाच काढा. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक बहुधा दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) मागते. घरासाठी ते चालत नाही. आखीव पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डवरची) नोंद सिटी सर्व्हे कार्यालयात वेगळी करावी लागते.