गोलरक्षकाची कारकीर्द (फुटबॉल)

फुटबॉल संघात चेंडू हाताने अडवण्याची मुभा एकट्या गोलरक्षकाला असते, तीही आपल्या गोलरेषेपासून १६.५ मीटरपर्यंतच्या पेनल्टी क्षेत्रापुरती. मराठवाड्यात मैदानावर त्याला गोलरक्षक कुणी म्हणत नाही. तो ‘गोली’ किंवा ‘कीपर’. त्याने राखायची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. पेनल्टीचा, म्हणजे फक्त गोलीला समोर ठेवून मारायच्या शिक्षेच्या किकचा, ठिपका ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू तिथून सुमारे ०.४ सेकंदात रेषेवर येतो. चेंडू सुटल्यावर बघू म्हणणाऱ्या गोलीला मग बहुधा जाळीतून चेंडू काढून आणण्याचेच काम उरते. मारणाऱ्याचा टेकता पाय आणि कमरेचा कल पाहून त्याला आधीच एक बाजू धरावी लागते.

कारकीर्द म्हणून या जागेचा हिशेब बाकीच्या दहांहून वेगळा पडतो, कारण जागा एकच. मधल्या फळीतल्या खेळाडूला बाजूला सरकवून खेळवता येते. दुसऱ्या क्रमांकाचा गोली मात्र पहिला जायबंदी होईपर्यंत बाकावर असतो, कधी अख्खा हंगाम. विश्वचषकाच्या संघात तीन गोलरक्षक असावेच लागतात. त्यांतला तिसरा बहुतेक वेळा एक मिनिटही न खेळता घरी परततो. सराव मात्र तिघांचा सारखाच होतो. जागा उशिरा मिळते, तशी ती टिकतेही उशिरापर्यंत. इटलीच्या दिनो झॉफने १९८२ मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. इजिप्तचा एस्साम अल हदरी २०१८ च्या विश्वचषकात वयाच्या ४५ व्या वर्षी उतरला आणि त्याने सौदी अरेबियाची एक पेनल्टी अडवली. बावीस वर्षांचा आघाडीवीर नावारूपाला आलेला असतो, त्याच वयाचा गोली ‘अजून शिकतोय’ म्हणून गणला जातो. मानसन्मानातही हा फरक दिसतो. बालोन दोर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार आजवर एकाच गोलरक्षकाला मिळाला, तो १९६३ मध्ये सोव्हिएत संघाच्या लेव याशिनला.

नियमांनी हे काम वेळोवेळी बदलले. १९१२ पूर्वी गोलीला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. सर्वांत मोठा फेरफार १९९२ चा. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घ्यायला त्या वर्षी बंदी आली आणि गोलीलाही पायाने खेळता येणे भाग पडले. २०२५ पासून चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरून ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, मिळतो.

मराठवाड्यात गोली घडतो तो बहुधा अपघाताने. गल्लीत दोन दगड किंवा चपलांचे दोन जोड ठेवून गोल मांडतात आणि संघातल्या सर्वांत धाकट्याला तिथे उभा करतात. या गोलाला आडवा दांडा नसतो, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथे आहे. डोक्यावरून गेलेला चेंडू गोल की बाहेर, हे गोलीने हात वर करून उडी मारून दाखवल्यावर ठरते. हात पोचला असता तर गोल. नाही तर ‘वरून गेला’. गोलाची उंची गोलीच्या हाताएवढीच राहते आणि हाताबाहेरचा चेंडू आपोआप माफ होतो. शाळेत गेल्यावर अनेकदा हँडबॉलचे खांब मिळतात, ते ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. पंधरा-सोळाव्या वर्षी निवड चाचणीला हा मुलगा पहिल्यांदा खऱ्या चौकटीत उभा राहतो, तेव्हा खालचे चेंडू तो झकास अडवतो. मात्र दांड्याखालून उतरणाऱ्या चेंडूला बोटांच्या टोकांनी वर लोटायचे असते, ही गोष्टच त्याच्या अंगात नसते. निवडकर्ते म्हणतात उंची कमी पडते. पुष्कळदा कमी पडलेला असतो तो दांडा.

दुसरी अडचण जमिनीची. इथली काळी कापसाची माती पावसात फुगते, चिकट होते; उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. म्हणून मैदानांवर मुरूम टाकून दाबतात. मुरमावर आडवी झेप घेतली की कुल्ल्याच्या हाडावर आणि कोपराबाहेर चामडी सोलून निघते. खपली धरेपर्यंत पुढचा सामना येतो आणि विजारीचे कापड त्याच जागी चिकटते. असे दोन-तीनदा झाले की शरीर शहाणे होते. मुलगा झेप घेण्याऐवजी पाय लांब करून अडवू लागतो, किंवा गुडघे टेकून पडतो. क्लबच्या हिरवळीवर गेल्यावर प्रशिक्षकाचे पहिले कित्येक महिने हे शहाणपण काढून टाकण्यात जातात: आधी बसून कडेला पडणे, मग उकिडवे राहून, मग उभ्याने, खांदा आणि मांडीची बाजू टेकवायची, कोपर नाही.

हिरवळ का नाही, याचे उत्तर पाण्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होते. त्याच महिन्यात खेळपट्ट्यांवरच्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. जिथे प्यायला टँकर लागतो तिथे पेनल्टी क्षेत्रावर पाणी शिंपडा असे म्हणायला क्रीडाशिक्षकाची जीभ रेटत नाही.

तरी जमिनीवर अंग टाकण्याची भीती या मातीत सगळ्यांनाच असते असे नाही. खो-खोत धावणाऱ्या गड्याला टिपायला सूर मारतात, आणि धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. तिथल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सूर मारणाऱ्याचे पोट आणि छाती जमिनीला समांतर घसरते, गोलीची झेप कुशीवर संपते. फरक आहे, पण हिंमत तीच. खो-खो सोडून आलेला पोरगा गोलात चांगला निघतो, असे या भागातले पीटीचे सर सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

इतिहास पाहिला तर मराठवाडा फुटबॉलपासून फार लांब नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, तो सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाच्या हाताखाली. भारताचा सर्वांत नावाजलेला गोलरक्षक पीटर थंगराज हैदराबादेतच जन्मला, १९३५ मध्ये. लष्करात तो आधी आघाडीला खेळे, गोलात नंतर आला. १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिक संघांत तो होता, आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या रहीम यांच्या संघातही. राज्याची राजधानी बदलली तसा मराठवाड्याचा खेळही मुंबई-पुण्याकडे तोंड करून बसला.

आजची वाट साधारण अशी. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, मग विभाग. राज्यातल्या आठ क्रीडा विभागांपैकी छत्रपती संभाजीनगर आणि लातूर हे दोन मराठवाड्याचे. शालेय संघांसाठी राष्ट्रीय पातळीवर सुब्रतो चषक आहे, तो १९६० पासून. कोल्हापूरच्या पोराला पेठेतली तालीम (तिथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात) आणि शाहू स्टेडियमची गर्दी लहानपणीच मिळते. परभणी-हिंगोलीच्या पोराला त्यासाठी गाव सोडावे लागते, तेही तेरा-चौदाव्या वर्षी, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत किंवा एखाद्या अकादमीत. आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘दहावीचं काय?’ इंडियन सुपर लीग या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेत २०१४ पासून महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे या दोनच शहरांचे संघ उतरले, त्यांतला पुण्याचा २०१९ मध्ये बंद झाला. म्हणून घरच्यांचा भरवसा क्लबच्या करारापेक्षा नोकरीवर असतो. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलांचे संघ, आणि राज्य शासनाच्या भरतीतले खेळाडूंचे पाच टक्के समांतर आरक्षण ही त्यांच्या दृष्टीने खरी कारकीर्द. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण क्लबचा करार एक-दोन वर्षांचा असतो आणि गुडघा एकदाच जातो.

वर पोचलेल्यांची उदाहरणे आहेत. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले. गुरप्रीत सिंग संधूने २०१६ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेचा पात्रता सामना खेळला. अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात गेली.

व्यावसायिक गोलीची सर्वांत खर्चिक वस्तू म्हणजे ग्लोव्हज. तळव्यावरचा लेटेक्स फोम, म्हणजे मऊ रबरी थर, ओलसर असताना चेंडू जास्त चांगला पकडतो. सामन्याआधी त्यावर पाणी शिंपडून तळवे एकमेकांवर दाबतात. मुरमावर हा थर काही आठवड्यांत झिजतो आणि खालचे कापड दिसू लागते. शहाणा गोली जुनी जोडी सरावाला वापरतो, नवी सामन्याला. दुखापतींत बोटे, मनगट आणि खांदा नेहमीचे. डोक्याची क्वचित, पण भयंकर. इंग्लंडच्या चेल्सी क्लबच्या पीटर चेकची कवटी ऑक्टोबर २००६ मध्ये फुटली आणि तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तो डोक्यावर मऊ रक्षक टोपी घालूनच खेळला.

खेळ थांबल्यावर बरेच जण गोलकीपिंग प्रशिक्षक होतात. या कामाचा परवाना वेगळा असतो, आशियाई फुटबॉल महासंघाने ठरवलेल्या पातळ्यांचा. गावी परतलेल्याला परवान्याआधी लागतात दोन बारा फुटी पाइप, प्रत्येकाचे चार फूट जमिनीत गाडायला, आणि त्यांच्या माथ्यावर बसेल असा चोवीस फुटी आडवा दांडा.