बिग वेगळा, मेंटर वेगळा

अमेरिकेतल्या कॉलेजात फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघात, गेलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात एक ‘बिग’ मिळतो. बिग म्हणजे बिग ब्रदर, आणि नवखा त्याचा ‘लिटल’. बरेच चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या कॉलेजातल्या शाखा, इथेच थांबतात आणि मेंटरिंगचं काम झालं असं धरून चालतात.

बिग हा एक-दोन वर्षं पुढे असलेला विद्यार्थी. दोन्हीकडून पसंतीच्या चिठ्ठ्या घेऊन जोड्या लावतात. बिगचा बिग, त्याचाही बिग, अशी वंशावळच तयार होते; तिला ‘फॅमिली’ म्हणतात. रात्री घरची आठवण आली तर दार कुणाचं वाजवायचं, ताप आला तर सोबत कोण येणार, यासाठी बिगसारखा माणूस नाही. आपल्याकडे होस्टेलवर ‘दादा’ असतो, तसंच. पण नवख्याला चार कडू शब्द सुनावणं दादाला जड जातं, कारण त्याला नातं टिकवायचं असतं.

मेंटर नेमतात तो एखाद्या उद्दिष्टासाठी, आणि ठरावीक मुदतीसाठी. तो माजी सदस्य असू शकतो, बाहेरचा व्यावसायिकही. १९०१ साली रिचमंडमध्ये स्थापन झालेल्या सिग्मा फाय एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीने १९९० च्या दशकात ‘बॅलन्स्ड मॅन’ कार्यक्रम आणला, तेव्हा नवख्यांची ‘प्लेजिंग’ची उमेदवारीच काढून टाकली आणि ‘ब्रदर मेंटर’ हा टप्पा वेगळा ठेवला. हा फरक नेमका ओळखलेला आहे.

मेंटरिंग फसतं ते बहुधा पहिल्या भेटीत. “काही लागलं तर सांग” एवढ्यावर भेट संपते आणि मुलगा कधीच काही सांगत नाही. त्याऐवजी पहिल्या भेटीआधी मुलाने एका पानावर तीन गोष्टी लिहून आणाव्यात: या सत्रात काय गाठायचं, आज कुठे आहे, कशात अडकलाय. “ग्रेड सुधारायचे” हे उद्दिष्ट नव्हे. “कॅल्क्युलसमध्ये सी वरून बी” हे उद्दिष्ट. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर तीन आठवड्यांनी पाऊण तास भेटलं तरी पाच भेटी होतात. प्रत्येक भेट संपताना पुढची तारीख आणि एकच काम ठरवायचं. जिवाला धोका असेल तर गोष्ट गुप्त राहणार नाही, हे मेंटरने पहिल्याच दिवशी सांगावं.

बिगच्या नात्याचा धोका दारूत आहे, आणि तो झाकून चालणार नाही. बिग-लिटलच्या रात्री, म्हणजे कुणाचा बिग कोण हे जाहीर होतं तेव्हा, बिगने लिटलच्या हाती अख्खी बाटली द्यायची, ‘फॅमिली’ची परंपरा म्हणून ती त्याने संपवायची. २०१७ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात, २०२१ मध्ये बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात अशा रात्रीनंतर मुलं दगावली. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यालाच नाही म्हणणं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जमत नाही. म्हणून बिग जाहीर करण्याचा कार्यक्रम दुपारी, दारूविना ठेवावा आणि चॅप्टरच्या सल्लागाराने तिथे हजर राहावं.

एकच माणूस दोन्ही भूमिका करू शकतो का? लहान चॅप्टरमध्ये करावंच लागतं. तसं असेल तर मेंटरिंगची भेट खोलीत नको, ग्रंथालयात घ्या, आणि ते एक पान समोर ठेवूनच बोला.